बुश बदलले, स्प्रिंग बदलल्या, तरी गाडी रस्ता धरत नाही

लॉरा, ऑक्टाव्हिया, जेटा, थ्री सीरिज, नाहीतर अलीकडची स्लाव्हिया-व्हर्टस. चालवायची हौस असलेला माणूस अशी गाडी घेतो. काही वर्षांनी पुढून खडखड सुरू होते, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलले जातात, त्यातच हौसेने गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या जातात. सुरुवातीला गाडी झकास चालते. सहा-आठ महिन्यांत तोच आवाज, तीच भरकट. सोलापुरात सस्पेन्शनचं काम करताना या एका तक्रारीच्या गाड्या मी सगळ्यात जास्त पाहिल्या आहेत. नव्याने टाकलेला भाग निकृष्ट निघाला असं क्वचितच होतं. तो कोणत्या क्रमाने बदलला आणि गाडी कोणत्या अवस्थेत असताना त्याचा बोल्ट आवळला, गोम तिथेच असते.

खालच्या तपासण्या फुकटापासून महागापर्यंत अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका. वरची तपासणी सोडून खालची केली, तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

आधी लक्षणं नीट ऐका

"पुढून आवाज येतो" एवढ्यावर कोणताही मिस्त्री अंदाजाने भाग बदलणार. आवाज कधी येतो, हे तुम्हीच सांगायला हवं.

- पंधरा-वीसच्या वेगात बारीक खाचखळग्यांवर हलकी, सततची खडखड: बहुधा लिंक रॉड.
- खड्ड्यात चाक गेलं की एकच जाड "धप्": शॉकअप, त्याचं वरचं माउंटिंग किंवा बम्प स्टॉप (चाक फार वर आलं की धक्का झेलणारा रबरी ठोकळा).
- सावकाश पुढे जाऊन ब्रेक मारला की "टक्", रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की परत "टक्": लोअर आर्मचा मागचा बुश, किंवा सबफ्रेमचा (आर्म जिला बसतात त्या लोखंडी चौकटीचा) ढिला बोल्ट.
- उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग सटकल्यासारखा "टंग": स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या पुढच्या खांबाच्या) वरचं बेअरिंग.
- ऐंशी-शंभरवरून ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं, पण ब्रेकचा पेडल पायाखाली शांत आहे: आर्मच्या बुशवर संशय घ्या. पेडलही धडधडत असेल तर डिस्क बघा. जुन्या थ्री सीरिजमध्ये पुढच्या टेन्शन स्ट्रटचा (चाकाला पुढे-मागे धरणाऱ्या दांडीचा) तेलभरला बुश फुटला की नेमकं हेच होतं, आणि लोक डिस्क घासून घेत बसतात.
- पुणे हायवेला शंभरच्या पुढे गाडी सरळ राहत नाही, सतत बारीक दुरुस्ती करावी लागते: टायर, टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं), किंवा मागच्या आर्मचे बुश.
- लेन बदलली की पुढचा भाग वळतो आणि मागचा जरा उशिराने, झोल खाऊन येतो: मागचे बुश किंवा थकलेले शॉकअप.
- टायरची फक्त आतली कड जाते, वरून टायर नवा दिसतो: टो, नाहीतर कॅम्बर (समोरून बघता चाकाचं आत किंवा बाहेर झुकणं).

आवाज ऐकायचा तर एसी, गाणी बंद करून, काचा खाली करून, कंपाउंडच्या भिंतीलगत दहाच्या वेगात गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि डावीकडचा की उजवीकडचा ते कळतं. हायवेवर हे करायचं नाही. होटगी रोडकडे किंवा एमआयडीसीत रविवारी सकाळी रिकामा रस्ता सहज मिळतो.

एक: फुकटचं काम, डिकी रिकामी करा

खरंच करा. स्टेपनीच्या खळग्यात सैल पडलेला जॅक, पाना, फर्स्ट एडचा डबा यांचा आवाज मागच्या शॉकअपसारखाच येतो. सायलेन्सरवरचा पत्रा ढिला झाला की तोही असाच वाजतो. तो गाडी थंड असताना हाताने हलवून बघता येतो. मागचा शॉकअप बदलायला आलेली गाडी डिकी रिकामी करून फिरवली आणि आवाज गेला, हे अनेकदा झालं आहे.

दोन: टायर

हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना तपासा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधली हवा एक पीएसआयने वाढते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्यात तापल्या डांबरावर पन्नास किलोमीटर चालून पंपावर हवा मारली, तर मीटरवर आकडा बरोबर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर तीन-चार पीएसआयने कमी असतो. एका बाजूला दोन-तीन पीएसआय कमी असतील तर गाडी त्या बाजूला ओढते, आणि माणूस अलाइनमेंटच्या दुकानात जातो.

मग टायरचं वय बघा. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, आणि सोलापूरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा तर आधीच होतो. अशा टायरवर जगातलं कुठलंही महागडं सस्पेन्शन लावा, वळणावर गाडी घसरणारच, कारण रस्त्याला टेकलेलं फक्त तेवढंच रबर असतं.

पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलेला आहे. आतली कड सरसकट झिजली असेल तर कॅम्बरवर संशय घ्या, पण टोची खात्री केल्याशिवाय नाही. कॅम्बरपेक्षा टो टायर फार लवकर खातो.

शेवटी चाकाचे बोल्ट. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या या गाड्यांना १२० न्यूटन मीटर लागतात. पंक्चरवाले एअर गनने कितीही आवळतात. एक बोल्ट ढिला आणि चार जास्त आवळलेले असले की चाक हबवर नीट बसत नाही आणि थरथर सुरू होते.

तीन: टॉर्च घेऊन खाली वाका

इथून पुढे पैसे लागतात, पण थोडे. सुरुवात लिंक रॉडपासून, कारण तो सगळ्यात लवकर जाणारा आणि सगळ्यात स्वस्त भाग आहे. शॉकअपपासून स्टॅबिलायझर बारपर्यंत (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या आडव्या बारपर्यंत) जाणारी ही बारीक दांडी. तिच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोप्या बघा. टोपी फाटली की आत धूळ जाते, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल जातो, आणि गोळी घासून सैल होते.

ही तपासणी करताना बहुतेक जण एक चाक जॅकवर उचलतात आणि लिंक रॉड हलवून "घट्ट आहे" म्हणतात. एकच चाक उचललं की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो आणि तो पीळ लिंक रॉडला ताणून धरतो. मग सैल सांधाही हलत नाही. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवा किंवा दोन्ही वर घ्या, आणि मग हलवा. एवढ्या एका चुकीपायी चांगले लोअर आर्म बदललेले मी पाहिले आहेत.

तिथेच स्टॅबिलायझर बारला सबफ्रेमवर धरणारे दोन डी आकाराचे रबर बुश असतात. बार हाताने वर-खाली हलला तर ते गेले. लिंक रॉड आणि हे बुश दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

चार: गाडी उचलून, स्टँडवर

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. स्टँड नसतील तर ही पायरी गॅरेजमध्ये करून घ्या.

चाक घड्याळाच्या नऊ आणि तीनवर धरून हलवा. खेळ जाणवला तर टायरॉड किंवा रॅक एंड (स्टीअरिंगच्या दांडीचे सांधे). बारा आणि सहावर धरून हलवा. खेळ असेल तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळीचा सांधा) किंवा बेअरिंग. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर खेळ बंद झाला तर बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर गाडी तिथून चालवत नेऊ नका. तो निघाला तर चाक आडवं होतं. टोइंगची गाडी बोलवा.

आता बुश. आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हळू दाब द्या आणि रबराकडे बघत राहा. वरच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा म्हणजे बुश गेला असं नाही, ते वय आहे. रबर आतल्या किंवा बाहेरच्या नळीपासून सुटलं असेल, दाब दिल्यावर चीर उघडत असेल, आर्म पुढे-मागे सरकत असेल, तर बुश गेला. काही बुशमध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या पोकळीला चीर समजून घाबरू नका, दुसऱ्या बाजूच्या बुशशी ताडून बघा. तेलभरल्या बुशमधून काळपट तेल ओघळलेलं दिसलं तर मात्र तो संपला.

मागची चाकं विसरू नका. ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या मल्टिलिंक (मागचं चाक अनेक दांड्यांनी धरलेल्या) गाडीत मागे एका बाजूलाच सहा-सात रबरी सांधे असतात. ते वाजत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पण हायवेवर गाडी पोहते ती बहुतेकदा त्यांच्यामुळे, कारण मागच्या चाकाचा टो त्यांच्याच जिवावर टिकतो.

इथे एक विनंती. सर्व्हिसिंगनंतर गाडी खालून चकचकीत दिसावी म्हणून डिझेल किंवा जुनं ऑइल मारायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तसं करू देऊ नका. बुशचं नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. पाणी आणि साधा शाम्पू पुरे.

पाच: शॉकअप

बॉनेट दाबून सोडायची चाचणी फक्त पार मेलेला शॉकअप दाखवते. अर्धा थकलेला शॉकअप त्यात पास होतो. त्यापेक्षा अंगावर तेल बघा. वरच्या भागावर धूळ चिकटलेला पातळ ओलावा चालतो. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर चालत नाही. डस्ट कव्हर फाटलं की आपल्याकडची धूळ थेट रॉडवर बसते आणि सील कापते, म्हणून नवा शॉकअप टाकताना कव्हर आणि बम्प स्टॉप जुनेच घालायचे नाहीत.

वरच्या बेअरिंगसाठी एकाने उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवावं, दुसऱ्याने बोटं न अडकवता स्प्रिंगवर तळहात ठेवावा. स्प्रिंग अडून मग झटक्याने फिरली तर बेअरिंग बदला.

सहा: दोष परत का येतो

लिहायला बसलो ते मुख्यतः यासाठी.

रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याची आतली लोखंडी नळी बोल्ट आवळला की सबफ्रेमला पक्की धरली जाते, बाहेरची नळी आर्मला पक्की असते, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं असतं. चाक वर-खाली होतं तेव्हा रबर फक्त पिळलं जातं आणि परत जागेवर येतं. म्हणजे बोल्ट ज्या क्षणी आवळला, त्या क्षणी आर्म ज्या कोनात होता, तो त्या रबराचा आरामाचा कोन झाला.

गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं लटकलेली असतात. समजा आर्म ३५० मिलिमीटर लांब आहे आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा ९० मिलिमीटर खाली लोंबतंय. आर्म सुमारे १५ अंश खाली झुकला. मिस्त्रीने तिथेच एअर गनने बोल्ट आवळला. गाडी खाली उतरवली की, ती नुसती उभी असतानाही, रबर १५ अंश पिळलेलं राहतं. रात्रंदिवस. मग स्पीडब्रेकरवर चाक तितकंच वर गेलं की पीळ ३० अंशांचा होतो. गाडी जमिनीवर असताना बोल्ट आवळला असता तर त्याच रबराला वरही पंधरा आणि खालीही पंधराच सोसावे लागले असते. विजापूर रोडचे गतिरोधक, ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा, त्यावर उन्हाळ्याची उष्णता. रबर नळीपासून सुटायला सहा महिने पुरतात.

अशा बुशचा पुरावा काढल्यावर हातात दिसतो. मागे एका ऑक्टाव्हियाचा आर्म उतरवला. बुश नवा, चांगल्या कंपनीचा, वरचा छाप अजून वाचता येत होता. रबर एकाच बाजूने अर्धचंद्रासारखं फाटलेलं, दुसरी बाजू कोरी करकरीत. दुसऱ्या बाजूचा आर्म काढला, तिथेही आरशातल्यासारखी तीच चीर. झीज अशी कधी दिसत नाही. दोन्हीकडे एकाच दिशेला फाटलं याचा अर्थ दोन्ही पीळ देऊन आवळले होते. गाडीमालक म्हणाले, "अण्णा, पार्ट डुप्लिकेट लावला त्यांनी, दुसरं काय." पार्ट अस्सल होता. तोच पार्ट पुन्हा घातला, फक्त गाडी चाकांवर उभी करून आवळला.

पद्धत अशी:

१. गाडी उचलण्याआधी सपाट जागेवर, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि आकडे लिहून ठेवा. टायरची उंची मोजू नका, हवेप्रमाणे ती बदलते.

२. जुना बुश काढण्याआधी तो आर्ममध्ये कोणत्या दिशेने बसला आहे याची पेंटने खूण करा. पोकळ्या असलेला बुश पाव वर्तुळ फिरवून बसवला तर तो मऊ असायला हवा तिथे कडक आणि कडक हवा तिथे मऊ होतो.

३. नवा बुश प्रेसवर, बाहेरच्या नळीवर दाब देऊन बसवा. हातोड्याने आणि आतल्या नळीवर ठोकून नाही. तिथेच रबर सुटायला सुरुवात होते.

४. बोल्ट घालून नुसते हाताने आणा. टॉर्क द्यायचा नाही, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचं नाही.

५. चाकं जमिनीवर असतील अशी गाडी पिटवर (गॅरेजच्या जमिनीतल्या खड्ड्यावर) किंवा अलाइनमेंटच्या रॅम्पवर घ्या, एक-दोनदा पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू द्या, आणि मग टॉर्क पान्याने आवळून बोल्टवर पेंटची सरळ रेघ मारा. पिट नसेल तर चाकाच्या हबखाली जॅक लावून आधी लिहिलेला आकडा परत येईपर्यंत उचला. मात्र तेव्हा गाडी स्टँडवरून सुटत नाही ना, याकडे एका माणसाने लक्ष द्यायचं.

जुन्या सोलापुरी गॅरेजमधला पिट या कामाला दोन खांबांच्या लिफ्टपेक्षा चांगला. गाडी चाकांवरच असते आणि हात खाली पोचतो.

बोल्ट आडवा असलेल्या प्रत्येक रबरी सांध्याला हे लागू आहे, शॉकअपच्या खालच्या बुशलाही. आणखी एक: जर्मन गाड्यांमधले यातले बरेच बोल्ट आधी ठरावीक टॉर्क आणि मग ९० किंवा १८० अंश असे आवळायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. आर्म मागवताना बोल्ट आणि नट सोबत मागवा. आकडे आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचे चालत नाहीत.

सात: अलाइनमेंट, पण आता

अलाइनमेंट सुरुवातीला करून घेतली असेल तर ती वाया गेली. सैल बुशवर केलेली अलाइनमेंट ब्रेक मारेपर्यंतच टिकते. बुश, टायरॉड, शॉकअप झाल्यावर चारही चाकांची करा, आणि आधीचा व नंतरचा दोन्ही कागद मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी फक्त पुढचा टो लावून "झालं" म्हणतात. मल्टिलिंक गाडीचा मागचा टोही लावता येतो आणि लावायला हवाच.

कागदावर पुढच्या डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक बघा. अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर गाडी ओढणार. मॅकफर्सन स्ट्रटच्या बऱ्याच गाड्यांत कॅम्बरला वेगळी सोय नसते, सबफ्रेम थोडी सरकवून दोन्हीकडे वाटून घ्यावा लागतो. एकाच बाजूचा आकडा फार वेगळा असेल तर आर्म किंवा स्ट्रट वाकलाय. तिथे टो कितीही फिरवून उपयोग नाही. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत शेवटी स्टीअरिंग अँगल सेन्सरचं शून्य लावून घ्या.

आठ: अपग्रेड कुठून सुरू करायचं

वरचं सगळं नीट झाल्यावर निम्म्या लोकांना अपग्रेडची गरजच वाटत नाही, कारण कंपनीतून निघाली तेव्हा गाडी कशी वळत होती हे ते विसरलेले असतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांना मी हा क्रम सांगतो: चांगले टायर, मग कंपनीच्याच मापाचे पण थोडे कडक बुश, मग चांगले शॉकअप, मग मागचा जाड स्टॅबिलायझर बार, आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात, कारण स्प्रिंगचा फरक फोटोत दिसतो.

पॉलियुरेथेन बुशबद्दल खूप विचारणा होते. कंपनीचं रबर साधारण ५० ते ७० शोअर ए कडकपणाचं असतं, रस्त्यावरच्या गाडीसाठी विकले जाणारे पॉली बुश ८० च्या आसपास आणि रेसिंगचे ९५ पर्यंत जातात. पॉली बुश पिळला जात नाही, नळीवर फिरतो. म्हणून त्याला कंपनीने दिलेलंच सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि आपल्या धुळीत ते संपलं की हिवाळ्यात सकाळी बिजागरीसारखी करकर सुरू होते. लोअर आर्मचा मागचा बुश आणि स्टॅबिलायझरचे डी बुश पॉलीचे केले तर ब्रेकखाली गाडी सरळ राहते, स्टीअरिंगला धार येते. हे मी मनापासून सुचवतो. पण मागच्या मल्टिलिंकच्या ट्रेलिंग आर्मचा मोठा बुश पॉलीचा करू नका. त्याला एकाच वेळी दोन-तीन दिशांनी हलावं लागतं. कडक केला की सांधा अडतो, मागचा भाग खड्ड्यावर उडी मारतो, आणि सगळा मार बॉडीच्या माउंटिंगवर जातो. बॉल असलेले लोखंडी सांधे तर रोजच्या गाडीत नकोतच. सोलापूरची धूळ त्यांना टिकू देत नाही.

स्प्रिंगचा विषय जरा सविस्तर, कारण इथे गैरसमज जास्त आहे. गाडी खाली गेली की गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्मचा कोन बदलतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्याहून जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे वळणावर गाडीला कलवणारा हात लांब होतो. कलणं कमी होतं ते फक्त स्प्रिंग कडक आहे म्हणून. गाडी इतकी खाली नेली की लोअर आर्मची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा वर दिसायला लागली, तर दिसायला छान आणि वळायला वाईट अशी अवस्था होते. त्यातच शॉकअपची चाल कमी उरते, गाडी बम्प स्टॉपवर आपटते. तुळजापूरच्या घाटात वळणाच्या मध्येच खड्डा आला आणि चाक बम्प स्टॉपवर बसलं, की त्या चाकाची पकड एकदम सुटते. गाडी पंचवीस-तीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नेऊ नका, आणि तेही त्या स्प्रिंगला जुळणाऱ्या शॉकअपसहच.

स्प्रिंग बदलल्यावर बुशचा प्रश्न परत उभा राहतो. तीस मिलिमीटर खाली म्हणजे ३५० च्या आर्मला जवळपास पाच अंशांचा कायमचा पीळ. म्हणून गाडी खाली बसवली की आर्मचे सगळे आडवे बोल्ट सैल करून, नव्या उंचीवर, नव्या बोल्टने परत आवळायचे, आणि मग अलाइनमेंट. हे काम कोणी स्प्रिंगच्या मजुरीत धरत नाही. आधीच बोलून घ्या.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत नाक वळणाबाहेर जातं अशी तक्रार असेल तर पुढे काही कडक करू नका. मागचा स्टॅबिलायझर बार एक पायरी जाड करा. पैसे कमी, उंची तीच, आणि फरक पहिल्याच वळणावर कळतो. पावसात मात्र सवय होईपर्यंत वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडू नका, मागचा भाग आधीपेक्षा लवकर सुटतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदणीपेक्षा वेगळा बदल करायला बंधनं आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती कडकपणे मांडली. कंपनीच्या मापाचे बुश-शॉकअप ही दुरुस्ती झाली. उंची बदलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही विचारून घ्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवायची असेल तर. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. बाजारात मिळणाऱ्या दोन हुकांच्या स्वस्त कॉम्प्रेसरवर घरी हे करू नका.
- बॉल जॉइंट, रॅक किंवा स्टीअरिंग कॉलममध्ये खेळ सापडला तर.
- सबफ्रेमचा बोल्ट ढिला सापडला किंवा त्याची आटी फिरली तर. नुसता आवळून सोडू नका, सबफ्रेम जागेवर आहे का हे मोजावं लागतं.
- आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग) किंवा चाकाची डिश वाकलेली दिसली तर. तापवून सरळ करून देणारे भेटतील. ॲल्युमिनियमचा भाग तापवला की त्याची ताकद जाते, तो बदलायचाच.
- एअरबॅग, एबीएस किंवा ईएसपीचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर, मग पाना.
- वरच्या सगळ्या पायऱ्या झाल्या, आवाज तरीही आहे, आणि पुढे काय बदलायचं याचा आता फक्त अंदाज उरलाय.

गॅरेज निवडताना तीन प्रश्न विचारा: टॉर्क पाना आहे का, बुश प्रेसवर बसवता का, आणि आर्मचे बोल्ट गाडी वर असताना आवळता की खाली. तिसऱ्या प्रश्नाला "काय फरक पडतो, मालक?" असं उत्तर आलं, तर पार्टची पिशवी उचलून पुढच्या गॅरेजला जा. काम सुरू व्हायच्या आधी आवळण्याच्या वेळी आपण तिथे थांबणार हेही सांगून ठेवा. चांगला मिस्त्री त्यावर रागवत नाही, उलट तुम्हाला पिटमध्ये बोलावून दाखवतो.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर एकदा खालून नजर टाका: बोल्टवर मारलेली पेंटची रेघ सरळ आहे का, बुशच्या कडेला नवी चीर नाही ना, टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला तर काय लागतं. हे तीनही ठीक असतील तर पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर.